लवंग

जेवण झाले, पानाचे तबक पुढे आले. विडा उचलला, की त्याला एक लवंग टोचलेली असते. कोणी ती पानाबरोबर चावतो. कोणी काढून बाजूला ठेवतो. विडा सुटू नये म्हणून ती टोचतात, हे खरे. पण तिच्या जागी कोणी बाभळीचा काटा टोचत नाही. कारण लवंगेला वास आहे, तिखटपणा आहे. तोंडाला चव येते आणि तोंडाची घाणही जाते.

आता मला सांगा, ही लवंग म्हणजे झाडाचे काय? फळ? बी? का देठ?

घरातली एक लवंग हातावर घ्या आणि नीट पाहा. खाली बारीक दांडी आहे. वर चार दाते आहेत. दात्यांच्या मध्ये एक गोल डोके आहे. ते डोके नखाने हलकेच उकला. आत पाकळ्या मिटलेल्या दिसतील. म्हणजे लवंग ही फुलाची कळी आहे. न उमललेली, वाळवलेली कळी. तिचा आकार खिळ्यासारखा आहे. युरोपातल्या काही भाषांत तर तिला ‘खिळा’ याच अर्थाचे नाव आहे. आपल्याकडे तिच्यावरून दुसऱ्याच वस्तूंना नावे पडली. बारकी, झणझणीत मिरची ती लवंगी मिरची. दिवाळीत पोरे माळ लावतात ते लवंगी फटाके. लहान आहे, पण जोर मोठा आहे, असेच काहीसे लोकांच्या मनात असावे.

लवंगेचे झाड मोठे होते. पाच-सहा पुरुष उंच म्हणा ना. बारा महिने हिरवे असते. पाने चुरगळली तरी वास येतो. कळ्या फांदीच्या टोकाला घोसाने येतात. आधी त्या फिकट असतात. मग हिरव्या होतात. मग त्यांच्यावर लाली चढू लागते. लाली चढली, की तोडणीची वेळ आली. चार दिवस उशीर झाला तर कळी उमलते, फूल होते, आणि मग तिला लवंगेचा भाव येत नाही. सगळ्या कळ्या एका दिवशी तयार होत नाहीत. म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढावे लागते. शिडी लावायची, फांदी न मोडता घोस हाताने खुडायचा, खाली येऊन देठ वेगळे करायचे, आणि कळ्या चटईवर उन्हात पसरायच्या. चार-पाच दिवसांत त्या तपकिरी, कडक होतात. तीन किलो ओल्या कळ्या वाळवल्या, की जेमतेम एक किलो लवंग हाती येते. लवंग महाग का, याचे अर्धे उत्तर इथेच मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर झाडाच्या वयात आहे. रोप लावल्यावर पहिले पीक यायला सहा-सात वर्षे लागतात. पुरते पीक यायला पंधरा-वीस. बाप लावतो आणि लेक खातो, असे हे झाड आहे.

लवंगेचे मूळ गाव आपल्या देशात नाही. इंडोनेशियात पूर्वेकडे मोलुक्का नावाची बेटे आहेत. त्यांतली तर्नाते, तिदोरे अशी चार-पाच लहान बेटे हे तिचे माहेर. एके काळी साऱ्या जगाला लवंग तिथूनच जायची. चीनच्या बादशहासमोर बोलायला उभे राहणारा दरबारी दोन हजार वर्षांपूर्वी तोंडात लवंग धरायचा. बादशहाला त्याच्या तोंडाचा वास येऊ नये, म्हणून!

पुढे या कळीसाठी लोकांनी समुद्र पालथे घातले. १५१२ साली पोर्तुगीज त्या बेटांवर पोचले. १५१९ साली स्पेनहून मॅगेलन नावाचा दर्यावर्दी पाच जहाजे घेऊन निघाला. तो वाटेतच मारला गेला. १५२२ साली एकच जहाज पृथ्वीची फेरी करून परत आले. त्यावर अवघी १८ माणसे उरली होती. पण जहाजात लवंग भरलेली होती. त्या एका जहाजाच्या मालातून साऱ्या सफरीचा पुष्कळसा खर्च निघाला, असे म्हणतात. यावरून लवंगेचा भाव काय असेल ते ओळखा.

मग डच आले. त्यांची कंपनी १६०२ साली स्थापन झाली. डचांनी काय केले ऐका. लवंग फार झाली तर भाव पडेल. म्हणून अंबोन आणि त्याच्या आसपासची बेटे सोडून बाकीच्या बेटांवरची लवंगेची झाडे त्यांनी तोडून टाकली. बापजाद्यांनी लावलेली झाडे! सैनिकांच्या होड्या बेटाबेटांवर फिरायच्या आणि झाडे सापडली की तोडायच्या. राजाला त्यासाठी दर साल पैसे मिळायचे. ज्याचे झाड गेले त्याला काय मिळाले? ज्या शेतकऱ्याने एखादे आंब्याचे झाड पोटच्या पोरासारखे वाढवले आहे, त्यालाच हे दुःख कळेल.

पण बी आणि रोप कोणाच्या बंदोबस्तात राहत नाही. १७७० साली फ्रेंचांनी लवंगेची रोपे चोरून मॉरिशस बेटावर नेली. तिथून ती आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजीबार बेटावर गेली. तिथल्या अरब सुलतानाने लवंगेच्या मोठमोठ्या बागा उठवल्या. त्या बागांत राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. आपल्या बाजारात लवंग येत होती, आणि तिच्यामागे माणसे विकली जात होती. झांजीबारात कायद्याने गुलामी संपली ती १८९७ साली.

या झांजीबारच्या लवंगेशी आपलाही एक झगडा झाला आहे. तिथे आपल्या देशाचे पुष्कळ व्यापारी लवंगेचा धंदा करीत. तिथल्या इंग्रजी सरकारने कायदे करून लवंगेची खरेदी एका संस्थेच्या हाती दिली. आपले व्यापारी धंद्यातून उठण्याची पाळी आली. तेव्हा १९३७ साली काँग्रेसने हाक दिली, की झांजीबारची लवंग घेऊ नका. मुंबई हे लवंगेचे मोठे बंदर. व्यापाऱ्यांनी माल घेणे बंद केले. झांजीबारचे गिऱ्हाईक तुटले. शेवटी १९३८ साली समेट झाला आणि आपल्या व्यापाऱ्यांना पुन्हा धंद्यात वाव मिळाला. विलायती कापडाच्या होळीची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. लवंगेच्या बहिष्काराची फारशी कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितली.

आपल्या देशात लवंग इंग्रजांच्या कंपनीने साधारण १८०० साली आणली. आज ती तामिळनाडू, केरळ आणि कर्नाटकाच्या डोंगरउतारावर होते. कन्याकुमारी जिल्ह्यातली लवंग नावाजलेली आहे. कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळ, मिरी, दालचिनी होते. तिथे लवंगेची झाडेही काही जण लावतात. तिला दमट हवा हवी, सावली हवी, आणि मुळाशी पाणी साचता कामा नये. देशावरच्या कोरड्या उन्हात तिचे काम नाही. आपल्याला लागते तेवढी लवंग इथे पिकत नाही. मादागास्कर, टांझानिया, श्रीलंका अशा देशांतून ती आणावी लागते.

आता स्वयंपाकघरात जाऊ. तिथे तुम्हाला मी काय शिकवणार? गोडा मसाला, काळा मसाला, गरम मसाला, कशातही लवंग आहेच. मसालेभात, मटणाचा रस्सा यांत ती आहे. आणि गंमत अशी, की ती गोडातही चालते. नारळी पौर्णिमेला नारळीभात करतात. तुपात चार लवंगा टाकतात. त्या फुगल्या, की तांदूळ परततात. साखरभाताचेही तसेच. नवशिक्यांसाठी दोनच गोष्टी सांगतो. एक, पाव किलो तांदळाला चार-पाच लवंगा पुरे. जास्त झाल्या तर भाताला औषधाचा वास येतो. दुसरी, तूप धुरावले असताना लवंग टाकू नका. ती जळते आणि कडू होते. दळलेल्या लवंगेचा वास लवकर उडतो. म्हणून अख्खी ठेवा, लागेल तेव्हा खलबत्त्यात कुटा. डबा घट्ट झाकणाचा असावा, आणि चुलीपासून दूर.

लवंगेत हा वास आणि तिखटपणा कशाचा? तिच्यात तेल असते. शंभर ग्रॅम चांगल्या लवंगेत पंधरा-वीस ग्रॅम तेल निघते. त्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. औषध म्हणून जो काही गुण आहे, तो मुख्यतः त्याचाच. ते जिथे लागते तिथली जागा थोडा वेळ बधिर होते आणि जंतूंनाही ते मारक आहे. दाताचे डॉक्टरसुद्धा दातात भरायच्या एका लेपात युजेनॉल वापरतात. आपल्या आजीबाईंना हे नाव ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होता. खोकल्याची ढास लागली, की त्या तोंडात लवंग धरायला सांगत. घसा थोडा मऊ पडतो, ढास कमी होते. वैद्यांच्या लवंगादि वटीतही लवंग असते. कधी मांत्रिकही दाढेवर ‘मंतरलेली लवंग’ देतो आणि ठणका थांबतो. तो गुण लवंगेचा आहे बरे का, मंत्राचा नव्हे. वाण्याकडची लवंग तेच काम करते, आणि दक्षिणा मागत नाही.

पण इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या मावशीची दाढ किडली होती. ती दाढेत लवंग धरी. मी म्हटले, “मावशी, तालुक्याला दाखवून येऊ.”

ती म्हणाली, “कशाला रे? लवंग धरली की गप्प बसतंय ते. उगाच दात उपटून घ्यायचा अन् पैसेही द्यायचे!”

असे पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी तिचा गाल भाकरीसारखा सुजला. ताप चढला. तोंड उघडेना, पाणी गिळवेना. तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, “दाढेच्या मुळाशी पू झालाय. एक दिवस उशीर झाला असता तर सूज गळ्यात उतरली असती. श्वास कोंडला असता.” पू काढला, दाढ काढली, सुया दिल्या. मावशी वाचली. पुढे ती स्वतःच सर्वांना सांगायची, “लवंगेनं ठणका झोपवला, कीड नाही झोपवली.”

तेच खरे आहे. दातात किडा नसतो. गोडधोड, चिकट खाल्लेले दातांत राहते. त्यावर जंतू वाढतात. त्यांच्या आंबटाने दात झिजतो आणि भोक पडते. भोक नसेपर्यंत पोचले, की ठणका लागतो. लवंग नस बधिर करते. भोक बुजवत नाही. रात्री ठणका लागला आणि गाडी सकाळची आहे, तर खुशाल लवंग धरा. पण सकाळची गाडी चुकवू नका. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, यातले काही झाले तर सकाळचीही वाट पाहू नका.

बाटलीतले लवंगेचे तेल अख्ख्या लवंगेपेक्षा फार कडक असते. तसेच लावले तर हिरडी भाजते. त्याचा एक थेंब खोबरेलाच्या किंवा तिळाच्या पाच-सात थेंबांत मिसळावा, कापसाच्या बोळ्याने दाढेपुरताच लावावा. आणि ती बाटली पोरांच्या हाती लागता कामा नये. लहान मुलाने चमचा-दोन चमचे तेल प्यायले, तर त्याला झटके येतात, ते बेशुद्ध पडते, यकृत बिघडते. असे झाले तर ओकारी काढत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. बाळाला दात येताना हिरडीला हे तेल चोळायची काही घरांत चाल आहे. ती सोडावी. पोटुशी बाईने ते पिऊ नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल पोटात घेऊ नये. भाजीतल्या दोन लवंगांना मात्र कोणी भिऊ नये.

आता राहिला बाजार. लवंगेत फसवणूक होते. काही जण लवंगेतले तेल आधीच काढून घेतात, आणि उरलेला चोथा वाळवून पुन्हा लवंग म्हणून विकतात. दिसायला ती लवंगच असते. थोडी बारीक, सुरकुतलेली, इतकेच. आठवड्याच्या बाजारात दहा रुपयांची पुडी घेणाऱ्याला ते कळत नाही. पण ओळखायची युक्ती सोपी आहे. लवंग नखाने दाबा. चांगली असेल तर नखाला तेलाचा ओशटपणा लागतो, वास लागतो. दुसरी युक्ती घरी करा. पेलाभर पाण्यात पाच-सहा लवंगा टाका. चांगली लवंग तळाला जाते, किंवा डोके वर करून उभी राहते. तेल काढलेली लवंग पाण्यावर आडवी तरंगते. सगळ्याच आडव्या पडल्या, तर उरलेली पुडी घेऊन दुकानदाराकडे जा आणि त्याच्यासमोरच पेला मांडा. दोन-चार गिऱ्हाइके उभी असतील तेव्हा मांडलात तर अधिक बरे. आणि ज्या लवंगा उभ्या राहिल्या, त्या भिजल्या म्हणून फेकू नका. त्याच दिवशीच्या रश्शात टाका.