संशोधकाचे टेबल आणि शाळेचा बाक

वनस्पतिशास्त्राच्या संस्था जगात पुष्कळ आहेत. नियतकालिक काढावे, वर्षाकाठी परिषद भरवावी, नामवंतांना पदके द्यावीत, एवढ्यावर बहुतेकींचे काम भागते. बॉटॅनिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेबद्दल मला विशेष आदर वाटतो तो दोन कारणांनी. एखादा प्रश्न ती पिढ्यान्‌पिढ्या हातातून सोडत नाही, आणि शाळकरी मुलाला रोप कसे पाहावे हे शिकवण्याचे काम ती संशोधनाच्याच पंगतीला बसवते.

संस्था स्थापन झाली 1893 साली. 1906 मध्ये आणखी दोन संस्था तिच्यात विलीन झाल्या, त्यांपैकी एक बुरशीच्या अभ्यासकांची होती. 1929 मध्ये मार्गारेट फर्ग्युसन तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचा ज्यांचा ग्रंथ आजही विद्यार्थ्यांच्या हाती असतो, त्या कॅथरीन इसाव यांनीही पुढे हे पद सांभाळले. पण संस्थेची खरी ओळख तिच्या छापील कामात आहे. ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’ 1914 साली सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धापासून करोनाच्या साथीपर्यंत सारे काही पचवून आजही चालू आहे.

या नियतकालिकाचे मोल समजायला त्यातली एकच कथा पुरेशी आहे. मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम जेम्स बील नावाचे प्राध्यापक होते. कितीही खुरपले तरी तण पुन्हा उगवतेच, मग त्याचे बी मातीत तग धरते तरी किती वर्षे, हा शेतकऱ्याचा रोजचा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. 1879 च्या शरद ऋतूत त्यांनी वीस बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीत ओलसर वाळू आणि एकवीस जातींच्या प्रत्येकी पन्नास बिया. त्यांत आपल्या ओळखीची काळी मोहरी होती आणि पावसाळ्यात बाजारात जुड्या येतात ती घोळसुद्धा होती. बाटल्यांना बूच लावले नाही. आत पाणी साचू नये म्हणून तोंड खाली कलते ठेवून त्या पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची आणि किती बिया रुजतात ते मोजायचे, असा बेत होता.

बील 1924 साली वारले. प्रयोग मात्र एका प्राध्यापकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. बाटल्या लवकर संपू नयेत म्हणून आधी पाचाची दहा वर्षे केली, मग दहाची वीस. बाटली रात्री काढतात, कारण उजेडाचा एक कवडसाही बीला जागे करू शकतो. आणि 1922 पासून पुढचे अहवाल ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’त येत गेले: पन्नास वर्षांचा, साठचा, सत्तरचा, ऐंशीचा, नव्वदचा, शंभराचा, मग एकशेवीसचा. लेखक बदलले, संपादक बदलले, शीर्षकाची धाटणी तीच राहिली. 2000 साली काढलेल्या बाटलीतल्या व्हर्बास्कम ब्लॅटारिया या रानफुलाच्या पन्नासांपैकी तेवीस बिया उगवल्या. एकशेवीस वर्षे मातीत राहून जवळजवळ निम्म्या जिवंत! पुढची बाटली 2020 मध्ये निघायची होती. साथीमुळे ती एप्रिल 2021 मध्ये निघाली. याही वेळी उगवले ते व्हर्बास्कमच. त्या रोपांचे डीएनए तपासले तेव्हा त्यांतले एक रोप दोन जातींचा संकर निघाले. बील यांच्या काळी डीएनए हा शब्दही नव्हता आणि त्यांनी भरलेल्या बाटलीतल्या बीचे कूळ आपण आज वाचतो आहोत. चार बाटल्या अजून जमिनीत आहेत, शेवटची 2100 साली निघायची आहे. तीन वर्षांचे अनुदान आणि दोन वर्षांत निकाल, अशा हिशेबात विज्ञान बसवू पाहणाऱ्यांनी हे अहवाल ओळीने एकदा वाचावेत.

संस्थेचे दुसरे प्रकाशन ‘प्लांट सायन्स बुलेटिन’. 1955 पासूनचे हे पत्र दिसायला साधे आहे: सभासदांच्या बातम्या, पुस्तकपरीक्षणे, मृत्युलेख, अध्यापनावरचे लेख. पण 2001 मध्ये जेम्स वॉन्डर्सी आणि एलिझाबेथ शुस्लर यांचा एक लेख याच साध्या पत्रात आला आणि शिक्षणक्षेत्रात त्याची चर्चा आजतागायत संपलेली नाही. समोर झाडे असूनही माणसाला ती दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. जंगलाच्या चित्रात वाघ असेल तर पोर वाघ सांगते. वाघामागचा साग, खालच्या करवंदीच्या जाळ्या, हे सारे त्याच्या लेखी ‘हिरवे’. लेखकद्वयाने याची कारणे आपल्या दृष्टीच्या आणि मेंदूच्या कामकाजात शोधली: झाडे जागची हलत नाहीत, एकमेकांत रंगाने मिसळून जातात आणि बहुधा धोका नसतात. उपायही सांगितला. लहानपणी हाताला धरून झाड दाखवणारे कुणीतरी माणूस हवे.

नुसते निदान करून संस्था थांबली नाही, याचे मला फार कौतुक वाटते. 2005 मध्ये तिने ‘प्लांटिंग सायन्स’ हा उपक्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांचे छोटे गट करायचे, त्यांनी वर्गातच एखादा प्रयोग करायचा आणि प्रत्येक गटाला एक खरा वनस्पतिशास्त्रज्ञ सोबतीला द्यायचा. तो दूर कुठल्यातरी विद्यापीठात असतो आणि गटाशी काही आठवडे पत्रव्यवहार करतो, तोही स्वेच्छेने, विनामोबदला. बी रुजण्याचा पाठ घ्या. मुले विचारतात, खारट पाण्यात बी उगवेल का? शास्त्रज्ञ उत्तर देऊन टाकत नाही. उलट विचारतो: मीठ किती घालणार? साध्या पाण्यातल्या बिया शेजारी ठेवल्यात का? ‘उगवले’ कशाला म्हणायचे, मूळ दिसले की पान फुटले की? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कशाला काय म्हणायचे हे ठरल्याशिवाय मोजणी सुरू होत नाही, हे बाराव्या वर्षी कळलेले मूल पुढे कुठल्याही शास्त्रात गेले तरी चुकणार नाही. प्रकाशसंश्लेषण, नेचे, आनुवंशिकता अशा विषयांवरही पाठ तयार आहेत.

2013 पासूनचे ‘ॲप्लिकेशन्स इन प्लांट सायन्सेस’ हे तिसरे प्रकाशन तंत्र आणि साधनांना वाहिलेले आहे. सामान्य वाचकाला त्यात रस वाटणार नाही, पण ते सर्वांना फुकट वाचता येते. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांना महागड्या नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही. तिथल्या प्राध्यापकांना ही मोठी सोय आहे.

आपल्याकडे या दोहोंतली पहिली, संशोधनाची बाजू भक्कम आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला आणि आजचे अभ्यासकही तो उघडतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड 1996 ते 2001 मध्ये काढले. तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यातच आहे. नोंदींचे काम पिढ्यान्‌पिढ्या झाले, पण इंग्रजीत आणि संशोधकांपुरते. त्या ग्रंथांतून निघून मराठी शाळेच्या बाकापर्यंत येणारी वाट अजून कच्ची आहे. अमेरिकन संस्थेचे पाठही इंग्रजीतच आहेत आणि त्यांतली उदाहरणे तिकडची आहेत, म्हणून नुसत्या भाषांतराने भागणार नाही.

करायचे तर बीलचाच प्रश्न आपल्या मातीत लावता येईल. मे महिन्यात बांधावरची, पडीक रानातली आणि शाळेच्या अंगणातली माती वेगवेगळ्या पसरट डब्यांत भरावी, भाजीपाल्याचे काही पेरू नये, फक्त पाणी शिंपावे. टाकळा, कुर्डू, घोळ, आघाडा, जे उगवेल ते मुलांनी मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. कोणत्या मातीत किती जाती निघाल्या, अंगणात कमी का, टाकळ्याचे टणक बी यंदा उगवले नाही तर पुढच्या वर्षी उगवेल का, हे प्रश्न आपोआप येतील. त्या वह्यांना मराठीतून उत्तरे लिहायला जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागातला एकेक माणूस प्रत्येक शाळेला मिळाला पाहिजे, आणि त्याच्या त्या कामाची नोंद शोधनिबंधाइतक्याच मानाने झाली पाहिजे. पुढच्या पावसाळ्याआधी हे जुळवायला हवे.