कडुलिंबाचा पाला, चांदी आणि गजकर्ण

पावसाळी दमट हवा सुरू झाली की जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली खाज सुटते. गोल चट्टा, कडा उठलेली, मधली कातडी जरा बरी दिसणारी. हेच आपलं जुनं गजकर्ण. कुणी त्याला नायटाही म्हणतं. पूर्वी दोन-चार आठवडे मलम चोळलं की ते जायचं. आता औषध थांबलं की पुन्हा उगवतं आणि घरातल्या चौघांना होतं. यातल्या एका हट्टी बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. त्या नावात भारत आहे. अभिमान वाटावा असं त्यात काही नाही! टर्बिनाफिन हे एकेकाळचं हुकमी औषध तिच्या अनेक वाणांवर चालत नाही. औषध बुरशीतल्या ज्या विकरावर घाव घालतं, त्या विकराची घडणच बदलली आहे.

म्हणून नव्या वाटा शोधल्या जात आहेत. त्यातली एक वाट आपल्या पुण्यातून गेली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुलिंबाचा पाला पाण्यात उकळला आणि त्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळलं. काही तासांत चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं.

हा प्रयोग पाहायला मजा येते. फिकट पिवळं पाणी हळूहळू तपकिरी होतं. चांदी तपकिरी कशी, असं वाटेल. पण नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस जाडीला साधारण ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरतो. शंभराहून कमी नॅनोमीटरचा चांदीचा कण प्रकाशाशी वेगळाच वागतो, म्हणून हा रंग. पानातली द्रव्यं इथे दोन कामं करतात. पाण्यात विरघळलेल्या चांदीला ती पुन्हा धातुरूप देतात आणि कणांभोवती लपेटून बसतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. एरवी या कामासाठी तीव्र रसायनं वापरावी लागतात.

या कणांमधून चांदीचे आयन सावकाश सुटत राहतात. ते बुरशीच्या पेशीचं आवरण फाडतात आणि आतल्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतात. हल्ला एकाच ठिकाणी नसल्यामुळे बुरशीला पळवाट शोधणं अवघड जातं. अमरावती विद्यापीठातल्या डॉ. महेंद्र राय यांच्या गटानं तर एका बुरशीकडूनच असे कण बनवून घेतले, काट्यानं काटा काढावा तसे! फ्लुकोनॅझोलच्या जोडीला ते दिल्यावर काही बुरशींवर त्या औषधाचा जोर वाढला, असं त्यांनी २००९ मध्ये दाखवलं.

मग मलम कुठे अडलं? हे बहुतेक यश काचेच्या बशीतलं आहे. कातडीवर गोष्ट बदलते. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते, आणि केराटिनमध्ये गंधक भरपूर असतं. चांदी बुरशीपर्यंत पोचण्याआधी तिथेच अडकू शकते. घामातल्या मिठाशी संयोग होऊन तिचा साका बनतो. नखाच्या आत शिरणं तर फारच कठीण. शिवाय चैत्रातला कोवळा पाला आणि श्रावणातला जून पाला सारखा नसतो; कृती तीच ठेवली तरी कणांचा आकार बदलतो. औषधाची प्रत्येक ट्यूब मात्र सारखीच हवी. भाजल्यावर लावायचं चांदीयुक्त पांढरं मलम अनेकांच्या ओळखीचं आहे. पण त्याचं काम जखमेतले जंतू रोखण्याचं, गजकर्णाचं नव्हे.

तेव्हा ‘चांदीचं पाणी’ म्हणून विकलं जाणारं काही पिऊ नका. चांदी शरीरात साठत गेली की कातडी कायमची निळसर-राखाडी होते.

खरं नुकसान आज होतंय ते दुकानातून परस्पर आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांमुळे. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा पुसट होतो आणि बुरशी खाली निवांत पसरते. पुढे डॉक्टरांनाही तो चट्टा ओळखू येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा.