वारा फिरला की दुर्बीण काढा

भर पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा कोकणातल्या एखाद्या सड्याच्या टोकाला कुणी दुर्बीण घेऊन बसलेला दिसला, तर लोक त्याला येडा समजतात. समजू देत. तो ज्याची वाट बघतोय, तो पाहुणा अंटार्क्टिकाकडून आलेला असतो.

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम ४० ग्रॅम, म्हणजे आपल्या बुलबुलाएवढं! रंग काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. दक्षिण ध्रुवाकडच्या खडकांत पिल्लं वाढवायची आणि तिकडे हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्र गाठायचा, हा त्याचा नेम. मोसमी वारे समुद्र ढवळतात, खालचं पोषक पाणी वर येतं, प्लवक माजतं आणि याची चंगळ होते. जेवण्याची तऱ्हाही बघण्यासारखी. पंख उचलून धरायचे, लांब पायांनी लाटेवर टपटप करत पुढे सरकायचं आणि चोचीने कण टिपायचे. प्यायला गोडं पाणी नाही. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळतात आणि ते खारट पाणी चोचीवरच्या नळीतून ठिबकतं.

असल्या पक्ष्याचं जमिनीशी काय काम? अंडी घालण्यापुरतं, तेही तिकडे दूर. मग तो आपल्या किनाऱ्याशी दिसतो कसा? माझ्या मते वाऱ्याच्या जोरापेक्षा त्याची दिशा जास्त महत्त्वाची. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते चक्रीवादळ घ्या. ते कोकणाला जवळजवळ समांतर, समुद्रातूनच उत्तरेकडे सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत चढलं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे ते दक्षिणेला असताना आपल्याकडे वारा पूर्व-आग्नेयेचा, जमिनीवरून समुद्राकडे. समोर आलं की दक्षिणेचा. उत्तरेला गेलं की नैर्ऋत्येचा, पश्चिमेचा. आता सगळा रेटा किनाऱ्याकडे. झुंजून दमलेली पाखरं तेव्हा आत लोटली जातात. म्हणजे ‘वादळ पुढे सरकलं’ ही बातमी आली की आपली वेळ सुरू. (खांब कोसळत असताना नव्हे, एवढं कळतंच.) वादळ कुठे आहे हे आकाश न बघताही ताडता येतं: वाऱ्याकडे पाठ करा, कमी दाब डाव्या हाताला. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हा नियम मांडला.

बसायला थोडी उंची हवी. पुळणीवर उभं राहिलं तर क्षितिज पाच किलोमीटरवर. वीस मीटर चढलात की सोळावर. टेहळणी एकाच पट्ट्यात करावी, कारण पाखरू लाटेआड गेलं की क्षणभर नाहीसंच होतं.

पावसाळ्यात कधी पुळणीवरच मास्क्ड बूबी हा दुसरा समुद्रपक्षी बसलेला सापडतो, हंसाएवढा नाही पण चांगला मोठा, अंगाने पांढराशुभ्र. लोक दयेपोटी त्याला पुन्हा पाण्यात ढकलतात. नका ढकलू, तो तिथूनच दमून आलाय. वर टॉवेल टाकून खोक्यात ठेवा आणि वन विभागाला कळवा. तोंड मात्र लांब ठेवा. ती सुऱ्यासारखी चोच थेट डोळ्यांवर येते.