पुढच्या ब्रेकशी ओळख

मोटरसायकल शिकताना निरगुडसरपासून जुन्नरपर्यंत बहुतेक पोरांना पहिला सल्ला हाच मिळतो : पुढचा ब्रेक दाबू नको, गाडी उलटेल. सांगणारा चुलता किंवा थोरला भाऊ काळजीपोटीच सांगतो. पण तो सल्ला अंगात मुरतो. पुढे वर्षानुवर्षं मंचरच्या फेऱ्या होतात, डेअरीला दूध घातलं जातं, आरटीओसमोर आठचा आकडा काढून लायसनही हाती येतं. तरी प्रसंग ओढवला की पाय मागच्या ब्रेकवर आपटतो आणि मागचं चाक फरफटत जातं. रायडर ट्रेनिंगला एक दिवस द्यायचा तो आधी ही सवय मोडण्यासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघा टेकवून वळण घ्यायची हौस नंतर.

ही सवय आपल्याच भागातली नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस परिसरातले सुमारे 900 मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. त्यांचा अहवाल 1981 मध्ये आला. अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के जण स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. बहुतेकांनी मागचा ब्रेक नको इतका दाबला आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. टक्कर टाळायला मिळालेला वेळ साधारण दोन सेकंदांहून कमी. आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती.

ब्रेक लागला की गाडीचा आणि स्वाराचा भार पुढे झुकतो. पुढचा टायर रस्त्याला घट्ट धरतो, मागचा हलका होतो. त्यामुळे गाडी थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. ताशी 60 च्या वेगात समोरचं दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी तेवढ्यात जवळपास 17 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर साधारण 20 मीटरमध्ये ती थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकवर जवळपास दुप्पट अंतर लागतं. उसाच्या हंगामात पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे निघालेली, मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली रात्री अचानक समोर आली, की जीव या जादा 20 मीटरवर टांगलेला असतो.

मग चुलत्याचा सल्ला आला कुठून? त्याने कुणाला तरी पडताना पाहिलेलं असतं. पुढचा ब्रेक एकदम आवळला तर भार पुढे सरकायच्या आत चाक लॉक होतं आणि गाडी स्लिप होते. खडीवर, ओल्या पाचटावर किंवा हँडल वळलेलं असताना तर नक्कीच. म्हणून बोटांनी लिव्हर आधी हलकं घ्यायचं, पुढचा शॉकअब दबल्याचं जाणवू द्यायचं, मग दाब वाढवत न्यायचा. वाचून हे हातात उतरत नाही. मोकळं पटांगण, बाजूला पाहणारा जाणकार माणूस आणि पुन्हापुन्हा तेच करायची मुभा, हे सगळं लागतं. ट्रेनिंगच्या दिवशी ते मिळतं.

जाताना रोजचीच गाडी न्यावी. मित्राची भारी गाडी मागून नेली तर अर्धा दिवस तिच्याशी जुळवून घेण्यातच जातो. आपल्या गाडीला कोणते ब्रेक आहेत हे आधी पाहून ठेवावं. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा आहे. त्याखालच्या बऱ्याच गाड्यांना सीबीएस, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याआधीच्या गाडीला बहुधा दोन्हीपैकी काही नसतं, आणि सगळं बोटांच्या अंदाजावर येतं. टायरची हवा गार असताना तपासावी. आयएसआयचं हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट हवेत. चपलेवर गेलात तर चांगला प्रशिक्षक गाडीवर बसूच देणार नाही.

कीथ कोड यांनी 1980 मध्ये सुरू केलेली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल भारतातही चेन्नईजवळच्या ट्रॅकवर भरत आली आहे. तिथली एक पद्धत कुठेही उपयोगी पडावी : एका फेरीत एकच गोष्ट. कोड म्हणतात, माणसाचं लक्ष दहा डॉलरच्या नोटेसारखं असतं. एका गोष्टीवर जितकं खर्च कराल तितकं बाकीच्यांना कमी उरतं. म्हणून वळण, क्लच, नजर, ब्रेक सगळं एकदम सुधारायला जाऊ नये. प्रशिक्षकाला सरळ सांगावं, "सर, या फेरीत फक्त माझा उजवा हात बघा." त्यांनी काय पाहिलं ते लगेच लिहून ठेवावं, दुपारपर्यंत विसरायला होतं. नवशिक्यांच्या गटात नाव द्यायला लाजू नये. पंधरा वर्षं गाडी चालवणाऱ्याला तर तोच गट सगळ्यात जास्त देतो, कारण मोडायच्या सवयी त्याच्याकडेच जास्त असतात. आणि अंग थकलं, मनगट दुखू लागलं, की शेवटची फेरी सोडून द्यावी. पैसे वसूल करण्याच्या नादात पडण्यात अर्थ नाही.

खरं काम गावी परतल्यावर सुरू होतं. पुढचे काही आठवडे एखाद्या सकाळी रिकाम्या मैदानावर, आधी 20 च्या आणि मग 40 च्या वेगातून थांबायचा सराव करावा. ट्रेनिंगला गाडी रिकामी असते. आपल्याकडे तिच्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतात, मागे कुणीतरी बसलेलं असतं. वजन वाढलं की मागचं चाक जास्त धरतं, पण त्याच दाबाला गाडी थांबायला जास्त अंतर खाते. म्हणून रिकाम्या गाडीवर हात बसला की कॅनमध्ये पाणी भरून, सावकाश वेगात तोच सराव पुन्हा करावा.