लोणारचे वय किती?

समजा तुमची सहल बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला गेली. काळ्या कातळातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते प्रचंड विवर आणि त्याच्या तळाशी असलेले खारे सरोवर तुम्ही पाहिले. परत आल्यावर बाईंनी प्रकल्प दिला : उल्कापाताने हे विवर केव्हा निर्माण झाले, ते शोधून लिहा.

तुम्ही इंटरनेटवर शोध घेतलात. एका पानावर उत्तर मिळाले, सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. दुसऱ्या पानावर मिळाले, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. एकाच विवराची दोन वये आणि त्यांत अकरा पटींचा फरक! मग वहीत कोणते लिहाल? जे सर्वांत वर दिसले ते? की जे जास्त पानांवर आढळले ते?

या दोन्ही कसोट्या उपयोगाच्या नाहीत. असे का, हे कळण्यासाठी शोधयंत्र कसे चालते ते आधी पाहू.

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना? कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, ते तीत दिलेले असते. शोधयंत्रही इंटरनेटवरील पाने सतत वाचून अशीच एक अवाढव्य सूची तयार ठेवते. तुम्ही शब्द टाकलात की सूचीतून पाने निघतात. पण ती असतात हजारो. त्यांचा क्रम कसा लावायचा? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली एक युक्ती मांडली : ज्या पानाकडे इतर अनेक पाने बोट दाखवतात, ते महत्त्वाचे समजावे. आज क्रम लावताना आणखी पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. पण तो क्रम कोणत्याही प्रयोगशाळेत तपासलेला नसतो, हे विसरू नका. शिवाय एका पानावरचा आकडा दहा जणांनी उतरवून घेतला, तर पाने दहा होतात. पुरावा मात्र एकच राहतो. निकालांच्या वर हल्ली जे तयार उत्तर दिसते, तेही अशाच पानांच्या आधारे बनवलेले असू शकते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे नेमके शब्द वापरा. नुसते ‘लोणार’ लिहिले तर हॉटेले आणि बसगाड्याही समोर येतील. ‘लोणार विवर वय’ असे लिहा. हेच शब्द इंग्रजीतही टाकून पाहा, कारण या विषयावरील मूळ संशोधन बहुतेक इंग्रजीत आहे. शब्द अमुक क्रमानेच हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. एखादा शब्द नको असेल तर त्याच्या आधी, जागा न सोडता, वजाचे चिन्ह द्या.

दुसरी गोष्ट, मुळाशी जा. ‘गूगल स्कॉलर’ हे २००४ साली सुरू झालेले शोधयंत्र मुख्यतः संशोधनपर लेखन शोधते. तेथे एखादा निबंध सापडला की त्याखाली, तो पुढे कोणकोणत्या निबंधांत उल्लेखिला गेला, त्यांची यादी उघडता येते. निबंधाच्या शेवटची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते आणि ही यादी पुढे आणते. संपूर्ण निबंध वाचायला मिळाला नाही, तरी त्याचा सारांश बहुधा वाचता येतो.

आता आपले कोडे सुटू लागेल. ५२ हजारांचा आकडा १९९७ सालच्या एका निबंधातला आहे. तो तप्तदीप्ती पद्धतीने काढलेला होता. खनिजांत अडकून साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजून वय ठरवतात. पण ही साठवण काळाच्या ओघात झिरपून गेली, तर खडक आहे त्याहून तरुण भासतो. दुसरा आकडा २०११ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यासाठी आघाताने वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकातील आर्गॉन वायू मोजला होता. किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून हा वायू ठराविक गतीने तयार होतो, म्हणून तो घड्याळाचे काम देतो. त्या निबंधात वयासोबत ४७ हजार वर्षे अधिक-उणे अशी मर्यादाही दिली आहे. म्हणजे वय साधारण ५ लाख २३ हजार ते ६ लाख १७ हजार वर्षांच्या दरम्यान येते.

मग वहीत काय लिहाल? नुसता आकडा लिहू नका. तो कोणी, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने काढला, तेही लिहा. आधीचा आकडा वेगळा का होता, तेही एका वाक्यात सांगा. मग तुमचा प्रकल्प वाचणाऱ्याला तो तपासून पाहता येईल. विज्ञानात याच गोष्टीला किंमत आहे.

आता एक काम तुमच्यासाठी. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. ते कशामुळे? पाण्याचे नमुने कोणी तपासले, त्यांत काय सापडले? बातमीपासून सुरुवात करा आणि मूळ संशोधनापर्यंत पोहोचा. वाटेत किती पानांनी एकमेकांची नक्कल केली आहे, तेही मोजा. गंमत वाटेल!