पंखांचे कापड

ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात, कारण विणलेले कापड उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर ताणत नाही, तिरके ओढले की सैल सुटते. राइट बंधूंच्या विमानाविषयी वाचताना हीच उरेब मला नेमक्या उलट कामाला लावलेली दिसली.

१९०० साली किटी हॉकला जाताना वाटेत हव्या त्या लांबीचे लाकूड मिळाले नाही. तेव्हा विल्बर यांनी तिथल्या टेटबाईंच्या शिवणयंत्रावर ग्लायडरचे साटीन पुन्हा बेतून शिवले. पुढे टाकून दिलेल्या त्या ग्लायडरच्या कापडाचे टेटबाईंनी मुलींना झगे शिवले.

१९०३च्या विमानासाठीही कापड खास विणून घेतलेले नव्हते. बायकांच्या आतल्या कपड्यांना तेव्हा वापरत ते ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ हे सुती कापड त्यांनी बाजारातून आणले. मात्र पंखांवर ते उरेब बसवले. लाकडी चौकट तिरकी होऊ लागली, की कर्णाच्या दिशेने गेलेले धागे ताणले जातात आणि तिला धरून ठेवतात. गळ्याशी उरेब सैलपणा देते, पंखात घट्टपणा. धागा तोच, ओढीची दिशा वेगळी.

१७ डिसेंबर १९०३ला पहिले उड्डाण झाले, १२ सेकंदांचे. त्या कापडाचा एक तुकडा १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर नेला. विमानाच्या इतिहासात इंजिनाला प्रकरण मिळते, कापडाला ओळ. पण माणसाचा जीव त्या शिवणीवरही तोललेला होता, आणि ती विद्या शिंप्यांच्या घरची होती.