कॅमेऱ्यात चाळीस भेकरं, रानात किती?

माझ्या हातातली ही हिरवट-तपकिरी डबी मागच्या रांगेत बसलेल्यांना नीट दिसत नसेल. हरकत नाही, शेवटी फिरवणारच आहे. याला आपल्याकडे कॅमेरा ट्रॅप म्हणतात, अमेरिकेत ट्रेल कॅमेरा. झाडाला पट्ट्यानं बांधायचा आणि घरी जायचं. समोरून जनावर गेलं की तो आपोआप फोटो काढतो. मी हा नवीन घेतला, तो आधी घराच्या परसात आणि मग भुदरगड तालुक्यात आमच्या मेव्हण्याच्या शेतात लावून बघितला. त्यात माझी जी फजिती झाली, तीच आज सांगणार आहे. फजितीतून बरंच समजलं, म्हणून.

शेत रानाला लागून आहे. भात निघालं की तिथं पावटा करतात. त्या साली पावट्याचे कोंब सकाळी कुरतडलेले दिसायला लागले. मेव्हण्याचं म्हणणं, हे भेकराचं काम. शेजारच्या दोघा-तिघांनी तर फासकी लावायची तयारी केली होती. मी म्हटलं, थांबा, आधी कॅमेरा लावू. आठवड्यानं कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, तर भेकराचे चाळीसएक फोटो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, चाळीस भेकरं! पावटा काय, आता आम्हालाबी खाऊन टाकतील."

चाळीस फोटो म्हणजे चाळीस भेकरं का? आजचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

तुम्ही शिवाजी चौकात उभे राहून एक तास के.एम.टी.च्या बस मोजल्यात आणि पंचवीस भरल्या, तर कोल्हापुरात पंचवीस बस आहेत असं म्हणाल का? तीच बस रंकाळ्याला जाऊन परत येते. गाडी जितकी जोरात पळेल तितक्यांदा ती तुमच्यासमोरून जाईल. शिवाय तुम्ही चौकात उभे आहात, जिथून सगळ्या गाड्या जातात. एखाद्या बोळात उभे राहिला असता तर शून्य आलं असतं. कॅमेऱ्याचं नेमकं हेच होतं. फोटोंची संख्या तीन गोष्टींवर ठरते: जनावरं किती, ती किती फिरतात आणि तुम्ही डबी कुठं टांगली. आपल्याला यातली पहिलीच हवी असते, पण हातात येते ती तिन्हींची मिसळ.

वाघाचं सोपं असतं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण डाव्या कुशीचे पट्टे उजवीसारखे नसतात. कर्नाटकात नागरहोळेला उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात याच पायावर वाघमोजणी उभी केली. राधानगरीत २०२२ साली टिपलेला नर पुढं चांदोलीत कॅमेऱ्यात आला, तेव्हा तो तोच आहे हे पट्ट्यांवरूनच कळलं. २०१८ च्या देशव्यापी वाघगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यात वाघाचे होते ७६,६५१. बाकी बहुतेक इतर जनावरं. त्या 'बाकी'मध्ये आपली सांबरं-भेकरं येतात, आणि त्यांच्या अंगावर पट्टे नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग हरणं मोजायचीच कशाला? कारण एका वाघाला वर्षाला साधारण पन्नासेक सांबर-चितळाएवढी जनावरं लागतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, कोयना आणि चांदोली मिळून. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हा आपण सगळे खूश झालो. पण आलेला वाघ टिकणार की पुढं निघून जाणार, हे त्याच्या ताटात काय आहे त्यावर ठरतं. ताट भरलेलं आहे असं चुकून धरलं तर वाघ उपाशी. आणि रानाकडेच्या गावात 'भेकरं फार झालीत' असं चुकून धरलं तर फासकी लागतात. चूक दोन्हीकडून महाग पडते.

आता हरीण म्हणजे कोण, तेही बघून घेऊ. आपल्या रानात सांबर आहे, अंगानं घोड्याएवढं. भेकर आहे, कुत्र्यासारखं भुंकणारं. गेळा आहे, म्हणजे पिसोरी. जेमतेम तीन किलोचा आणि वीतभर-दीड वीत उंचीचा. खरं तर शास्त्राच्या हिशोबानं तो हरीणकुळातला नाहीच, त्याला शिंगंही नसतात. गवा तर बैलाच्या कुळातला. राधानगरीचं अभयारण्य त्याच्यासाठीच १९५८ साली झालं. काळवीटही हरीण नव्हे, कुरंग. संस्थानकाळात कोल्हापुरात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची, त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले होते, हे जुन्या मंडळींना माहीत असेल.

शिकारीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ही डबी मुळात शिकाऱ्यांची. जॉर्ज शायरस नावाचा अमेरिकन गृहस्थ आधी हरणांची शिकार करायचा, मग बंदूक ठेवून रात्री फ्लॅशनं हरणांचे फोटो काढायला लागला. ते फोटो १९०६ साली 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये आले. आपल्याकडे संयुक्त प्रांतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर तार बांधून वाघांचे फोटो काढले. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा. आज बाजारात मिळणारे बरेच कॅमेरे अमेरिकेतल्या हरीणशिकाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. मोसमाआधी कुठला नर कुठून जातो ते बघायचं आणि तिथं दबा धरायचा. तिथंही हे सगळ्यांना पटत नाही. ॲरिझोना राज्यानं जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी घातली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकारच बंद आहे. तेव्हा डबी तीच, पण काम वेगळं, आणि सोबतच्या पुस्तिकेतले सल्ले आपल्याला जसेच्या तसे चालत नाहीत.

आता परसातली चाचणी. नवीन कॅमेरा थेट रानात नेऊ नका. माझ्या डबीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात पल्ला लिहिला होता. मी चुन्यानं तीन, पाच, सात, दहा आणि पंधरा मीटरवर रेघा मारल्या आणि त्यावरून आडवा चालत गेलो. मग रांगत गेलो, कारण भेकर माझ्याएवढं उंच नसतं. शेजारच्या वहिनी भिंतीवरून बघत होत्या, त्यांना काय वाटलं कोण जाणे. पहाटे गारव्यात दहा मीटरवर फोटो निघत होते. तेच एप्रिलच्या दुपारी सात मीटरवरसुद्धा कधी निघायचे, कधी नाही.

याचं कारण आतल्या सेन्सरमध्ये आहे. तो हालचाल 'बघत' नाही. त्याला उष्णता कळते, तीही समोरच्या दोन पट्ट्यांतला फरक म्हणून. गार पार्श्वभूमीवरून गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की तो कॅमेरा चालू करतो. दुपारी जमीनच अंगाएवढी तापली की फरक उरत नाही. आपल्या सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात कसा तापतो ते अनवाणी चाललेल्याला विचारा. म्हणजे दुपारी फोटो कमी आले की जनावर फिरत नव्हतं असं लगेच म्हणायचं नाही. कॅमेऱ्यालाच ते कळलं नसेल. उलट तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तर रिकामे फोटो शेकड्यानं निघतात. म्हणून समोरचं गवत कापायचं, आणि तोंड शक्यतो उत्तरेला, म्हणजे उगवती-मावळतीचं ऊन भिंगात येत नाही.

दुसरी गोष्ट, उशीर. सेन्सरला कळणं आणि फोटो निघणं यात समजा अर्धा सेकंद जातो. भेकर सेकंदाला तीन मीटर वेगानं दुडकत असेल तर तेवढ्यात ते दीड मीटर पुढं गेलेलं असतं. डबी वाटेपासून तीन मीटरवर असेल तर तिथं चौकटीची रुंदी जेमतेम अडीच मीटर. मग तुम्हाला शेपटी मिळते. माझ्याकडं नुसत्या शेपट्यांचा चांगला संग्रह आहे! उपाय सोपा आहे: डबी वाटेला काटकोनात न लावता तिरकी लावायची, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं.

उंचीचं तर मी साफ चुकलो. पुस्तिकेत कमरेएवढी लिहिली होती, मी तशीच लावली. सांबराला ती ठीक आहे. पण ससा, साळिंदर, गेळा हे सगळे जवळून गेले तर नजरेच्या खालून निघून जातात. गुडघ्याच्या खाली आणल्यावर चित्र बदललं, त्याकडे येतोच.

बॅटरीबद्दल थोडक्यात. आठ साध्या सेलचे मिळून १२ व्होल्ट होतात, चार्ज होणाऱ्या आठांचे साडेनऊच्या आसपास. काही डब्यांना ते पुरत नाही आणि रात्रीचे फोटो काळे येतात. घेण्याआधी विचारा. रात्रीचा उजेडही दोन प्रकारचा असतो. एकात बारीक लाल ठिपके दिसतात, पण पल्ला जास्त. दुसरा डोळ्याला दिसतच नाही, पण पल्ला कमी. गावाजवळ मी दुसराच वापरतो, चोरीच्या भीतीनं. पावसाळ्यात गगनबावडा-दाजीपूर पट्ट्यात चार-चार, पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं झाकणाची रबरी पट्टी आणि आत सिलिका जेलची पुडी नसेल तर भिंगावर आतून वाफ धरते.

आणि घड्याळ! पहिल्या आठवड्यात मी सकाळ-संध्याकाळचा गोंधळ केला. बारा तास उलटे. भेकर दुपारी दीडला पावट्यात! मी मेव्हण्याला मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं की हे दिवसाढवळ्या येतंय. तो म्हणाला, "दाजी, दुपारी दीडला मी तिथंच भाकरी खात होतो." फोटोत अंधार होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता ते चाळीस फोटो. एकेक मोठा करून बघितला. बऱ्याच फोटोंत नर होता आणि त्याच्या एका शिंगाचं टोक मोडलेलं. म्हणजे तोच तो. काही फोटोंत मादी. एक असेल, दोन असतील. शिंगावरची ही ओळखही कायमची नाही, कारण हरणाची शिंगं गळतात आणि नवी येतात. शिवाय एक जनावर समोर चरत उभं राहिलं तर पाच मिनिटांत दहा फोटो निघतात. म्हणून अभ्यासक सहसा अर्ध्या तासातले एकाच जातीचे फोटो मिळून एकच नोंद धरतात. तसं केल्यावर चाळीसाच्या नऊ नोंदी उरल्या. नऊ भेकरं नव्हे हं, नऊ नोंदी.

मग ओळख न पटता मोजता येतच नाही का? येतं. मार्कस रोक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक रीत मांडली. जनावराचा वेग किती, कॅमेऱ्याला किती अंतरापर्यंत आणि किती कोनात दिसतं, हे माहीत असेल तर फोटोंच्या प्रमाणावरून दर चौरस किलोमीटरला किती जनावरं हे काढता येतं. बसचा वेग माहीत असला तर चौकातल्या मोजणीवरून बस काढता येतील, तसंच. त्यांनी ते इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड प्राणिउद्यानात तपासलं, कारण तिथं जनावरांचा खरा आकडा आधीच माहीत होता. त्यात मुंटजॅक होतं, म्हणजे आपल्या भेकराचं भावंड. पण एक अट आहे. कॅमेरे नकाशावर चौकटी आखून, जिथं येतील तिथं लावायचे, मग समोर झुडूप असो की खडक. वाटेवर नाही, पाणवठ्यावर नाही, मिठाच्या चाटणावर नाही. वाघासाठी लावलेल्या वाटेवरच्या कॅमेऱ्यांतून हरणांची संख्या काढायला गेलं की चौकातल्या बसवरून शहर मोजल्यासारखं होतं. आणि वेग इथल्या भेकराचा घ्यायला हवा. तो परदेशातून उसना आणला तर उत्तरही परदेशातलं येणार.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून केलेल्या मोजणीचंही तेच. मी अशा रात्री बसलेलो आहे, चांदण्यात पाण्यावर आलेलं सांबर बघण्यासारखं सुख नाही. पण तेच सांबर तासाभरानं पलीकडच्या मचाणावरच्यांच्या वहीतही जातं.

पावट्याचं काय झालं? डबी वाटेवरून काढून थेट वाफ्याकडं वळवली आणि गुडघ्याच्या खाली आणली. तीन रात्रीत ससे दिसले, भरपूर. भेकरही आलं, ते पावटा खात नव्हतं असं मी म्हणणार नाही, खात होतंच. पण कोंब बुडापासून तिरके कापलेले होते ते सशाचं काम होतं. पहिल्या आठवड्यात हे सगळं कॅमेऱ्याच्या खालून चाललं होतं, आणि आरोपी ठरलं होतं भेकर. वाफ्याभोवती बारीक जाळी लावली. फासकी लागली नाहीत. पुढच्या साली मेव्हण्यानंच डबी मागून नेली, रानडुकरांसाठी.

तुमच्यापैकी कुणी घेणार असाल तर दोन गोष्टी. स्वतःच्या मालकीच्या शेतात लावा. अभयारण्यात किंवा राखीव रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय लावायचा नाही. आणि वाटेवर लावला तर सरपणाला जाणाऱ्या बायकाही त्यात येतात. गावात आधी सांगा, तसे फोटो लगेच पुसा, कुणाला दाखवू नका. सांबराचा फोटो ग्रुपवर टाकलात तरी जागा सांगू नका. आपण कौतुकानं टाकतो आणि फासकीवाला नेमका तेवढाच पत्ता वाचतो.

बरं, आता डबी पुढच्या रांगेपासून फिरवतो. चालूच आहे ती, त्यामुळं सगळ्यांचे फोटो निघणार. शेवटी मोजून बघू, सभागृहात तिच्या हिशोबानं किती माणसं भरतात.